वर्गणीदाराची ओळख : दादासाहेब फाळके यांची लंडनवारी आणि इंग्रजी व्यापारी शिष्टाचार

१

इंग्रज माणसाशी व्यापारी व्यवहार कसा करावा, याविषयी मराठीत आज जे सांगितले आणि शिकवले जाते त्याचा एक साचा ठरून गेला आहे. वेळेवर पोहोचा, हात मिळवताना नजर चुकवू नका, आरंभी हवापाण्यावर दोन वाक्ये बोला, पगाराचा आणि धर्माचा विषय काढू नका, ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ सढळ हाताने वापरा. आणि समोरचा ‘कल्पना मोठी रंजक आहे’ असे म्हणाला, तर तो नकार समजा. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारे तरुण असोत की शहरातल्या व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांना जाणारी पंचवटीतली मुले असोत, सर्वांच्या हाती हीच यादी पडते.

यादीत खोटे काही नाही. मात्र ती ज्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी तो प्रश्न तिच्यात नाही. दोन परके माणसे समोरासमोर आल्यावर एकाने दुसऱ्यावर विश्वास का ठेवावा, हा तो प्रश्न. कोणत्याही समाजाचा व्यापारी शिष्टाचार म्हणजे या प्रश्नाला त्या समाजाने काढलेले उत्तर असते. नमस्कार, चहा, विडा, पत्राचा मायना ही त्या उत्तराची वरची टरफले होत.

आपल्याकडे इंग्लंडविषयीचे लेखन कमी नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मधल्या शतपत्रांतून इंग्रजांच्या उद्योगीपणाचे दाखले देऊन मराठी माणसाला फटकारले. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चा. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने इंग्रजी अबोलपणाला मराठी घराघरांत ओळखीचे करून टाकले. पण या लेखकांपैकी कोणी तिथे माल घ्यायला गेले नव्हते. सुधारक, विद्यार्थी किंवा पाहुणा यांना जो इंग्रज दिसतो, तो खरेदीदाराला दिसणाऱ्या इंग्रजापेक्षा वेगळा असतो. त्या दुसऱ्या इंग्रजाचे एक छोटे पण फार मोलाचे चित्र नाशिकच्या एका माणसाने मराठीत रेखून ठेवले आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये लिहिलेल्या लेखांचा या दृष्टीने विचार झालेला नाही. चित्रपटाच्या इतिहासाचे साधन म्हणून ते वारंवार वाचले गेले. व्यापारी वर्तनाचा दस्तऐवज म्हणून ते वाचले, तर काय हाती लागते हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

आधी लेखांच्या काळाविषयी. पहिला लेख नोव्हेंबर १९१७ चा. त्या सुमारास फाळके यांच्यामागे ‘राजा हरिश्चंद्र’पासून ‘लंकादहन’पर्यंतची कीर्ती होती, कारखाना १९१३ पासून नाशिकमध्ये होता, आणि भांडवलाची ओढाताण मात्र संपत नव्हती. १ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे आणि मुंबईचे इतर भांडवलदार यांच्या भागीदारीत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. म्हणजे पहिला लेख आणि नवी कंपनी यांच्यात फार तर दोन महिन्यांचे अंतर आहे.

हे अंतर लक्षात घेतले की लेखांचा सूर उलगडतो. फाळके आठवणी सांगत आहेत हे खरे, पण त्याचबरोबर ते आपली पत मांडत आहेत. डोळे अधू होईपर्यंत केलेले प्रयोग, गहाण पडलेल्या विमापॉलिसी, पत्नीचे दागिने, लंडनची खेप हा सारा तपशील वाचकाच्या मनात एक हिशेब उभा करतो : या माणसाने इतके घातले आहे, याच्यावर आणखी कोणी काही घातले तर ते वाया जाणार नाही. आपल्या चित्रपटांचे भांडवल, मालकी, माणसे आणि कथा सगळे स्वदेशी आहे, असा त्यांचा दावा होता. तोही देशाभिमानाच्या बरोबरीने गुंतवणूकदाराला केलेले आवाहनच आहे.

त्यामुळे लंडनच्या प्रसंगाकडे पाहताना सावध राहिले पाहिजे. तो प्रसंग आपल्याला एकाच बाजूने कळतो, तोही पाच वर्षांनंतर, आणि ज्याला विश्वास मिळवायचा आहे अशा माणसाच्या तोंडून. पण ही मर्यादा उपयोगाचीही आहे. मराठी वाचकाला पटवण्यासाठी फाळके यांनी लंडनमधल्या कोणत्या गोष्टी निवडल्या, यावरून त्यांना तिथले कोणते वर्तन नवे आणि सांगण्यासारखे वाटले ते कळते.

३

प्रसंग थोडक्यात असा. बारा हजारांच्या विमापॉलिसी गहाण टाकून दहा हजारांचे कर्ज उभारून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. तिथे त्यांचे ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिली भागात हिंडताना ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली. हे सिनेमाधंद्याचे पत्र, आणि फाळके मुंबईत त्याचे वर्गणीदार होते. ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटून येण्याचे कारण सांगितले. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडाले आहेत, शिवाय हिंदुस्थानची हवा या कामाला मानवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. गृहस्थ हटत नाही असे दिसल्यावर त्यांनी टेम्सकाठच्या वॉल्टन गावी स्टुडिओ चालवणाऱ्या सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले, चित्रण कसे होते त्याचे प्रात्यक्षिकही दाखवले. दोघांच्या सल्ल्याने फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र मागवले. लंडनचा मुक्काम सुमारे दोन आठवड्यांचा. १ एप्रिल १९१२ ला ते परत मुंबईत होते.

ही हकिकत मराठीत बहुधा सहृदयतेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. एक कफल्लक पण जिद्दी हिंदी माणूस, त्याच्या तळमळीने विरघळलेले दोन इंग्रज. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटानेही लंडनचा भाग अशाच हलक्या, प्रेमळ हाताने रंगवला आहे. माणसे भली असतीलही. पण भलेपणावर सगळे सोडून दिले तर प्रसंगातले तीन सांधे नजरेतून निसटतात.

पहिला सांधा वर्गणीचा. फाळके यांनी दार ठोठावले ते याचक म्हणून नव्हे, आणि कोणाची चिठ्ठी घेऊनही नव्हे. ते त्या पत्राचे गिऱ्हाईक होते. वर्गणी भरणाऱ्याचा संपादकाच्या वेळेवर थोडासा हक्क असतो, ही समजूत दोघांनीही न बोलता धरून ठेवलेली दिसते. १९१२ सालच्या लंडनमध्ये काळ्या माणसाला अनेक दारे बंद होती. हे दार उघडले, कारण आतल्या वहीत त्याचे नाव पैसे भरलेला माणूस म्हणून होते.

दुसरा सांधा नकाराचा. आजचे शिष्टाचाराचे वर्ग सांगतात की इंग्रज स्पष्ट ‘नाही’ म्हणत नाही. कॅबोर्न यांनी मात्र पहिल्याच भेटीत बुडालेल्यांची उदाहरणे पुढे ठेवली. याला उद्धटपणा म्हणता येणार नाही. अनोळखी माणसाला धंद्यातला धोका आधी सांगणे हे सल्ला देणाऱ्याचे कर्तव्य, आणि तरीही तो ठाम राहिला तर पुढचे दार दाखवणे हेही कर्तव्य, असा तो क्रम आहे. अबोल नकार असतो तो स्वतःचा पैसा गुंतत असेल तेव्हा. कॅबोर्न यांचे इथे काही जाणार नव्हते. म्हणून त्यांचा सल्ला रोखठोक होऊ शकला. शिष्टाचार माणसाच्या स्वभावातून आला असे आपण मानतो. इथे तो व्यवहारात कोण कुठे उभा आहे यावरून ठरलेला दिसतो.

तिसरा सांधा उघड्या कारखान्याचा. हेपवर्थ यांनी सगळे का दाखवले? एक कारण असे की ते ज्ञान छापून विकणाऱ्यांपैकीच होते. त्यांचे वडील मॅजिक लँटर्नवर व्याख्याने देत, आणि स्वतः हेपवर्थ यांनी १८९७ मध्येच चलत्चित्रांची बाराखडी सांगणारे पुस्तक लिहिले होते. कॅमेरा बनवणारे विल्यमसन मूळचे होव्ह गावचे औषधविक्रेते. हा धंदा जेमतेम पंधरा वर्षांचा, त्यात घराणी नव्हती आणि जुन्या पेढ्याही नव्हत्या. लंडनच्या सिटीतल्या बँकवाल्यांकडे फाळके गेले असते, तर बहुधा शाळा, क्लब आणि परिचयपत्र यांवाचून पायरी चढता आली नसती. ‘इंग्रजी व्यापारी शिष्टाचार’ असा एकवचनी शब्द वापरताना हे विसरू नये. त्या देशातही जुन्या पैशाची रीत वेगळी आणि नव्या धंद्याची वेगळी होती. फाळके यांना भेटला तो नव्या धंद्यातला इंग्रज.

४

या प्रसंगाचे वेगळेपण पंचवटीतून पाहिले तर अधिक कळते. रामकुंडावर आजही एखादा यात्रेकरू आला की तीर्थोपाध्याय त्याला दोन गोष्टी विचारतात : गाव कोणते आणि आडनाव काय. मग घरातून बाड येते. त्यात त्या गावच्या त्या घराण्याची वंशावळ, आणि आजोबा-पणजोबा कधी कोणत्या कारणाने येऊन गेले त्याची नोंद, कित्येकदा त्यांच्याच हस्ताक्षरात, निघते. समोरच्या अपरिचिताचा क्षणात यजमान होतो. उतरायला जागा मिळते, दक्षिणा मागाहून पाठवली तरी चालते. गोदाकाठची ही पत-व्यवस्था शतकानुशतके चालत आली, आणि ती चोख आहे.

फाळके या व्यवस्थेच्या पोटातून आले होते. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित, पुढे मुंबईत अध्यापक. वही उघडून ओळख पटवण्याची रीत त्यांना नवी असणे शक्य नाही. लंडनमध्येही वहीच उघडली गेली. फरक नोंदीत होता. पंचवटीच्या वहीत माणसाची नोंद तो कोणाचा कोण म्हणून होते. ती त्याला मिळवावी लागत नाही आणि पुसताही येत नाही. ‘बायोस्कोप’च्या वहीतली नोंद त्याने स्वतः काही शिलिंग पाठवून करून घेतलेली, आणि वर्गणी थकली की संपणारी.

यावरून पहिली व्यवस्था मागासलेली आणि दुसरी पुढारलेली असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. लोकहितवादींच्या परंपरेत तो काढलाही गेला असता. पण वंशावळीच्या वहीत एक सोय आहे जी वर्गणीच्या वहीत नाही : माणूस नादार झाला तरी तो यजमानच राहतो. त्याचबरोबर एक क्रौर्यही आहे. ज्याचे नाव त्या वहीत येऊच दिले जात नाही त्याला कुंडावर जागा नाही. २ मार्च १९३० पासून याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो अशा जन्मदत्त ओळखीविरुद्धच होता. कोणी कोणाला दारात उभे करावे हे जिथे जन्मावर ठरते, तिथे पैसे भरून मिळणारी कोरडी ओळखही मुक्तीसारखी वाटू शकते. फाळके ब्राह्मण होते, त्यांना आपल्या गावी ही अडचण नव्हती. लंडनमध्ये मात्र ते स्वतः वहीबाहेरचे होते, आणि कोरड्या ओळखीची किंमत त्यांना तिथे कळली असणार.

५

या कोरडेपणाची दुसरी बाजू १९१४ मध्ये दिसते. फाळके आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. हेपवर्थ यांनी ते दाखवण्याची व्यवस्था केली. ‘बायोस्कोप’ने त्यांच्या कामाची आणि पौराणिक विषयांच्या निवडीची तारीफ केली. आणि चरित्रग्रंथांत सांगितले जाते त्याप्रमाणे हेपवर्थ यांच्याकडून प्रस्ताव आला : इंग्लंडमध्ये राहून हिंदी कथांवर चित्रपट करावेत, खर्च कंपनीचा, दरमहा तीनशे पौंड पगार आणि नफ्यात वीस टक्के वाटा. फाळके यांनी तो नाकारला. हा धंदा आपल्या देशात उभा राहिला पाहिजे, ही त्यांची भूमिका.

मराठी चरित्रलेखन या नकाराला देशभक्तीचा कळस मानते. तो मान रास्तच आहे. पण प्रस्तावाकडेही नीट पाहायला हवे, कारण त्यात इंग्रजी सौजन्याची हद्द रेखलेली आहे. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आलेल्या माणसाला आता बरोबरीचा निर्माता मानून भागीदारी देऊ केलेली नाही. त्याला उत्तम पगाराचा नोकर करून घेण्याची तयारी आहे. कौतुक खरे, आकडा उदार, आणि मालकी मात्र तिकडची. यात कोणी फसवत नव्हते. शिष्टाचाराने माणसाला दारातून आत घेतले, आसन दिले, पण कोणत्या आसनावर बसायचे ते साम्राज्याच्या आणि भांडवलाच्या हिशेबाने ठरले. सौजन्य आणि समता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या एका प्रस्तावातून जितके स्वच्छ दिसते तितके पुष्कळ सिद्धान्तांतून दिसत नाही.

फाळके यांनी तो फरक ओळखला. विशेष हे की त्यामुळे त्यांनी इंग्रजी रीत टाकून दिली नाही. साम्राज्याविरुद्धचा राग आणि त्या व्यापाराच्या रीतीविषयीचा आदर त्यांच्या मनात शेजारी शेजारी राहिलेला दिसतो. नाशिकने डिसेंबर १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सन यांचा वध पाहिला होता. त्यानंतर चारच वर्षांनी त्या शहरात कारखाना घालणाऱ्या माणसाने हा समतोल राखला, ही साधी बाब नव्हे.

६

आता नाशिककडे. लंडनमधून फाळके यांनी काय आणले? कॅमेरा आणला, तसे जाहिरातीचे तंत्र, ठरलेल्या दिवशी माल बाहेर काढण्याची शिस्त आणि कामाची विभागणीही आणली. नाटक-तमाशाची बदनामी टाळण्यासाठी कामाच्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्याची त्यांची युक्ती प्रसिद्धच आहे. पण कारखान्याच्या आत घर होते. सरस्वतीबाई रात्री फिल्मला भोके पाडत आणि दिवसा कामगारांच्या जेवणाचे पाहत. मालक आणि कुटुंबप्रमुख एकच.

हिंदुस्थान कंपनीच्या भागीदारीत हीच गोष्ट आड आली. भांडवलदारांना खर्चाचा जाब हवा होता. फाळके यांना जाब म्हणजे अविश्वास वाटला. त्यापूर्वी मुंबईच्या छापखान्यातली भागीदारीही अशाच बेबनावात मोडली होती. आता ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि १९२२ मध्ये परतले. लंडनमध्ये दोन परक्या माणसांनी त्यांना कागदावरच्या नोंदीने ओळखले हे त्यांना भावले. आपल्याच माणसांनी कागदावरचा हिशेब मागितला तेव्हा मात्र तो अपमान ठरला. रीतीचा जो भाग स्वतःच्या लाभाचा होता तो त्यांनी उचलला, जो स्वतःला बांधणारा होता तो त्यांना पेलला नाही. भागीदारांनाही कलावंताचा खर्च गिरणीच्या खर्चासारखा मोजता येत नाही हे उमगले नाही. दोष एकट्याचा नव्हता.

हिशेबी शिष्टाचार असता तर सगळे तरले असते, असेही म्हणता येत नाही. हेपवर्थ यांची कंपनी १९२४ च्या सुमारास दिवाळखोरीत गेली आणि त्यांच्या चित्रपटांच्या मूळ प्रती विकून वितळवल्या गेल्या. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये हलाखीतच वारले. अमेरिकी चित्रपटांच्या लोंढ्यापुढे वॉल्टनची चोख रीत टिकली नाही, आणि बोलपटांच्या भांडवलापुढे नाशिकची घरगुती रीतही टिकली नाही.

७

हे सारे आजच्या वाचकाने का पाहावे? कारण नाशिकचा इंग्लंडशी व्यवहार थांबलेला नाही. जिल्ह्यातली द्राक्षे ब्रिटनच्या दुकानांत जातात. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला तिकडचा खरेदीदार गोड बोलणारा, पहिल्या नावाने हाक मारणारा, मुलाबाळांची चौकशी करणारा भेटतो. आणि २०१० मध्ये द्राक्षांत एका वाढनियंत्रकाचा अंश सापडला, तेव्हा युरोपच्या बाजारात माल अडकला आणि त्या गोड बोलण्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. तिथे बोलला तो तपासणीचा कागद. मैत्री तोडली गेली असे ज्यांना वाटले, त्यांनी सौजन्याला नाते समजण्याची चूक केली होती. तिकडच्या माणसाने ते नाते म्हणून दिलेच नव्हते.

उलट बाजूने पाहता, पंचवटीतल्या दिंडोरी रस्त्यावरच्या बाजार समितीत ‘बघू’ म्हणणारा व्यापारीही नकारच देत असतो, आणि ते ऐकणाऱ्याला बरोबर कळते. आडून नकार देणे ही काही इंग्रजांची मिरास नव्हे. ज्या मुलाला घरचे ‘बघू’ कळते त्याला ‘रंजक कल्पना’ कळायला अवघड नाही. त्याला सांगायला हवे ते वेगळेच : समोरच्याच्या वहीत तुझी नोंद कशाच्या आधारावर आहे, ती कधी संपते, आणि तुला देऊ केलेले आसन मालकाचे आहे की नोकराचे.

‘नवयुग’मधले लेख त्या दृष्टीने पाठ्यपुस्तकाचे काम करू शकतील. ते इंग्रजाला देव करत नाहीत आणि राक्षसही करत नाहीत. एक मराठी माणूस परक्या बाजारात जातो, तिथली रीत यंत्रासारखी खोलून पाहतो, तिचे काही भाग घरी आणतो आणि त्यातला एक सांधा त्याला शेवटपर्यंत बसवता येत नाही, इतके त्यांत आहे. तो सांधा म्हणजे विश्वास असूनही हिशेब देणे, आणि हिशेब मागितला म्हणून विश्वास गेला असे न मानणे. आपल्या भागीदाऱ्या, सहकारी संस्था आणि मासिकेसुद्धा अजून त्याच सांध्यावर निखळतात. शिष्टाचाराच्या वर्गात हात कसा मिळवावा हे जरूर शिकवावे. पण पहिल्या तासाला फाळके यांचा वर्गणीदार शिकवावा, आणि दुसऱ्या तासाला त्यांची मोडलेली भागीदारी.